चाळणीआधीची बाटली

४ मार्च

भुंग्या,

अक्षर ओळखलंस ना? ओळखून पाकीट तसंच बाजूला टाकलं असशील, तर आधी फोड आणि मग काय चिडायचं ते चीड. पाच वर्षांनी लिहितेय म्हणून ख्यालीखुशालीने पान भरणार नाहीये. आई बरी आहे, एक गुडघा सोडला तर, आणि ते तू दर रविवारी तिच्याच तोंडून ऐकतोस. तिचा फोन वाजला की मी भांडी पुसायला आत जाते. तेवढा वेळ तुमचा.

फोन सोडून पत्र का, तर तू माझा फोन उचलत नाहीस. आणि उचललास तरी बोलण्यात मी तुला कधी जिंकू दिलंय? या वेळी मला तसं करायचं नाहीये.

गेल्या आठवड्यात तुझ्या बायकोचा फोन आला. आधी बिचारी इकडचं तिकडचं बोलली, मग रडकुंडीला आली. तुमच्या गावात म्हणे नवं वर्कशॉप निघालंय. धातूच्या पावडरीचे पातळ थर लेझरने वितळवून कवळ्यांचे सांगाडे बनवतात, आणि त्यांना पावडरीतला जाणता माणूस हवाय. त्यांनी शोधत येऊन तुला विचारलं आणि तू सरळ नाही म्हणालास. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री मारत राहीन, म्हणालास. कारण काय, तर म्हणे माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही. शिवाय त्यांना आमच्या कारखान्याचं पत्र लागेल आणि त्या पत्रात काय असेल हे तुला माहीत आहे, असंही म्हणालास.

मूर्ख आहेस. सात वर्षं चाळणीवर काढलीस. पावडर चिमटीत धरून सांगायचास की ओल आहे, आणि दोन तासांनी तपासणीवाले तेच सांगायचे. चाळणी सुरू झाली की तिच्या सुरात सूर लावून गुणगुणायचास, म्हणून तर भुंग्या झालास. असा माणूस चादरींना इस्त्री मारतो?

इथे नेहमीचंच चाललंय. मार्च आला की पावडरीच्या नमुन्यांचं कपाट रिकामं करायचं असतं, तुला आठवत असेल. पाच वर्षं पुरी झालेल्या बाटल्या वितळवायला जातात. यादीवर भट्टीप्रमुखाची सही लागते, म्हणजे आता माझी. यादी माझ्या टेबलावर आहे, एकतीस तारखेपर्यंत वेळ आहे.

हो, आणि चाळणीखोलीत रॅकमागे तुझं स्टॉपवॉच आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही सापडली. पाठवू का, ते कळव.

ताई


११ मार्च

भुंग्या,

उत्तर नाही. ठीक आहे, मी तरी पाच वर्षांत कुठे चार ओळी लिहिल्या होत्या.

आज नोझल गोठलं. सकाळपासून सगळं सुरळीत होतं. धातू मुशीत छान वितळला होता, टॉवरमधली हवा काढून आर्गॉन वायू भरला होता, ओतायला सुरुवात केली आणि चौथ्या मिनिटाला धार बंद. बोटाएवढं भोक, त्यात धातू गोठला की संपलं. बाकीचा मुशीतच थिजला आणि टॉवरच्या तळाशी जेमतेम अर्धा ड्रम पावडर. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, आज मोहरी कमी पडली. नव्या माणसांना तू असंच समजवायचास, आठवतंय? वरून धातूची धार सोडायची, वायूच्या फवाऱ्याने तिच्या चिंधड्या करायच्या, आणि खाली पडेपर्यंत प्रत्येक थेंबाची मोहरी होते. ती मोहरी चाळायची, फार बारीक आणि फार जाड बाजूला काढायची, मधली डब्यात भरायची. एवढंच आहे, त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं म्हणायचास. मी अजून तसंच सांगते, पण तुझं नाव घेत नाही.

तुझी वही वाचली. वाचायला नको होती, पण मी वाचणार हे तुलाही माहीत आहे. प्रत्येक बॅचपुढे चाळणीच्या पट्टीचा रंग तीन वेळा लिहिलायस. कपाटातून काढताना एकदा, यंत्रावर लावताना एकदा आणि काम संपल्यावर एकदा. निकेलची चाळणी हिरव्या पट्टीची, कोबाल्टची निळ्या. त्या बॅचपुढे लिहिलंय: निळी, निळी, निळी.

कुठली बॅच ते सांगायला नको. कवळीवाल्यांची, कोबाल्टची. तिसऱ्या ड्रममध्ये त्यांना निकेल सापडलं होतं. निकेल ज्याला सोसत नाही त्याच्या हिरडीला लागलं तर तोंड सुजून येतं, म्हणून त्यांनी सगळा माल परत पाठवला, आणि बरोबरच केलं. कुणाच्या तोंडात गेलं नाही हे नशीब.

त्या आठवड्यात आधी निकेलच्या बॅचा होत्या आणि मग कोबाल्ट लावायचा होता. मधे सगळं धुवायचं होतं. टॉवर, वायूतून पावडर वेगळी काढणारा सायक्लोन, ड्रम, सगळं. टॉवरकडून सायक्लोनकडे जाणारा तो वाकडा पाईप, आपला एल्बो, त्याला आठ बोल्ट, आणि मागचे दोन काढायला फळीवर आडवं पडावं लागतं. मी फार थकले होते त्या दिवशी. खांदाही दुखत होता. एवढंच लिहायचं होतं.

पत्र मिळालं की निदान आईजवळ सांग.

ताई


१७ मार्च

भुंग्या,

रविवारी आईने फोन ठेवला आणि म्हणाली, तो म्हणाला ताईला सांग, पत्रं मिळाली. बस, एवढंच. मला आधी राग आला. मग भांडी पुसून झाली, तीच पुन्हा पुसली, आणि राग कुणावर आलाय ते लक्षात आलं.

तेव्हा ऐक. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं नव्हतं, पण ते खरंही नव्हतं. खांदा दुखत होता, रोजच दुखतो. थकलेलीही होते. पण खरं कारण वेगळं होतं. सोमवारी भट्टीप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत होती. त्या आठवड्यात मी सहा बॅचा काढल्या तर कारखान्यात ते पहिल्यांदा झालं असतं. पाच झाल्या होत्या. एल्बो उघडायचा, आत फडकं फिरवायचं आणि परत बसवायचा म्हणजे अडीच तास गेले असते. मग सहावी बसलीच नसती.

मी एल्बो उघडला नाही.

आता फडक्यांचं सांगते, कारण ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. धुऊन झाल्यावर पांढरं फडकं फिरवायचं, पांढरंच राहिलं की ते पिशवीत घालायचं, जागेचं नाव लिहून सही करायची आणि बॅचच्या कागदाला लावायचं. त्या दिवशी टॉवरच्या तळाला मी दोन फडकी फिरवली. तळ मी मन लावून धुतला होता, दोन्ही पांढरी राहिली. एका पिशवीवर तळ लिहिलं. दुसऱ्या पिशवीवर एल्बो लिहिलं.

एवढं सोपं होतं ते. नंतर डबा उघडून जेवलेसुद्धा.

एल्बोत निकेल साचलं होतं, ते बॅच संपत आली तेव्हा सुटून खाली आलं असणार. म्हणून पहिले दोन ड्रम चांगले आणि तिसरा खराब. तक्रार आली तेव्हा तुझ्याआधी मला कळलं की हे एल्बोचं आहे. चौकशीच्या खोलीत शिरताना मला ते माहीत होतं.

तिथे काय झालं ते तुझ्यासमोरच झालं, पण तुझ्या बाजूने. आता माझ्या बाजूने ऐक. त्यांनी कागद काढले. माझी दोन फडकी पांढरीशुभ्र. म्हणजे टॉवर साफ, म्हणजे चूक पुढे झाली, म्हणजे चाळणी. तू म्हणालास, मी निळीच लावली होती, वहीत लिहिलंय. वही सापडेना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त गप्प बसायचं होतं आणि तेवढंसुद्धा मला जमलं नाही. मी हसत हसत म्हटलं, तो लहानपणापासून जरा विसराळू आहे, एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून शाळेत गेला होता. सगळे हसले. तू सुद्धा कसंनुसं हसलास. त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही, आणि तुला कामावरून काढलं.

अरे, सहा वर्षांचा होतास तू तेव्हा. आणि त्या दिवशी घाई मीच करत होते, चपला मीच पुढे सरकवल्या होत्या.

वही आत्ता सापडलेली नाही. तू गेल्यावर महिन्याभरात सापडली होती. पाच वर्षं माझ्या लॉकरमध्ये होती, जेवणाच्या डब्याखाली. स्टॉपवॉचसुद्धा. तोवर मी भट्टीप्रमुख झाले होते, सहा बॅचांच्या जोरावर. तू म्हणशील सांगायचं होतंस. रोज सांगणार होते. मग तू गाव सोडलंस आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं खरं.

मला वाटायचं तू माझ्यावर चिडलायस, मी तुझी बाजू घेतली नाही म्हणून. तेवढं मी सहन करत होते. पण तुझ्या बायकोने सांगितलं की तू स्वतःच मान्य करून बसलायस. विसरलो असेन, म्हणतोस. घराला कुलूप लावल्यावर चार वेळा परत जाऊन ओढून बघतोस, म्हणाली. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

तू विसरला नव्हतास. निळी, निळी, निळी.

आता त्या यादीचं. प्रत्येक ड्रमच्या दोन बाटल्या आपण ठेवतो, एक चाळणीआधीची, एक नंतरची. चौकशीत नंतरचीच तपासली. तिसऱ्या ड्रमची आधीची कुणी मागितली नाही, माझी फडकी पांढरी होती ना. ती बाटली अजून कपाटात आहे. एकशे बारा नंबर, तिसऱ्या फळीवर. तिच्यात निकेल निघालं तर चाळणीचा काही संबंध उरत नाही. एकतीसला ती वितळणार आहे आणि त्यासाठी सही माझीच हवीय. मी काही केलं नाही, फक्त सही केली, तरी सगळं आपोआप मिटतं. चार तारखेला पहिलं पत्र लिहायला बसले ते ही यादी समोर आली म्हणून. तुझी आठवण आली म्हणून नाही, हेही सांगून टाकते.

काय करणार ते ठरवलंय. पण आधी लिहून मग केलं नाही असं व्हायला नको, म्हणून ते केल्यावरच लिहीन.

ताई


२५ मार्च

भुंग्या,

केलं.

शुक्रवारी सकाळी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. यादी, बाटली, तुझी वही आणि बॅचचे जुने कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, एकशे बारावर मी सही करणार नाही, ही तपासायची आहे, आणि का ते सांगते. उभ्यानेच सांगितलं सगळं. शेवटी फडक्यांच्या दोन पिशव्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, नुसती सही केली असती तरी चाललं असतं. कुणाला पत्ता लागला नसता." मी म्हटलं, म्हणूनच आले.

दुपारी तपासणीचा आकडा आला. चाळणीआधीच्या बाटलीत निकेल, जवळपास एक टक्का. नंतरच्या बाटलीत तेव्हा निघालं होतं तेवढंच. म्हणजे चाळणीने त्यात काहीही घातलं नव्हतं. तपासणीवाल्या बाईंनी दोनदा मोजलं. त्यांना तू आठवतोस. त्या म्हणाल्या, तो कधी चुकीची चाळणी लावेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, पण सख्खी बहीणच म्हणत होती.

सोबत कारखान्याचं पत्र आहे, शिक्क्याचं. नीट वाच. त्यात लिहिलंय की त्या बॅचमधला दोष टॉवरच्या सफाईत झाला, चाळणीवरच्या कामगाराची काही चूक नव्हती, त्याला काढल्याची नोंद रद्द केली आहे. साहेबांनी पहिल्या मसुद्यात नुसतं चूक आढळली नाही असं लिहिलं होतं. मी म्हटलं असं गुळमुळीत नको, काही चूक नव्हती असं सरळ लिहा. लिहिलं त्यांनी. कवळीवाल्यांनाही कळवलंय. हे पत्र त्या वर्कशॉपमध्ये दाखव. नाही दाखवलंस तरी तुझ्याजवळ ठेव.

माझं म्हणशील तर भट्टी गेली. मला वाटलं होतं घरीच पाठवतील, पण साहेबांनी वर्षभरासाठी सफाईवर टाकलंय. दोन धातूंच्या मधे टॉवर धुवायचा, एल्बो उघडायचा, फडकं फिरवायचं. माझ्या फडक्यांवर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल, माझी चालणार नाही. बरोबर आहे. मी साहेब असते तर हाकललंच असतं.

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकलं, सोललेल्या एका बाजूला केल्या, टरफलं एका बाजूला केली. मग म्हणाली, "पाच वर्षं तो दर रविवारी मला म्हणतोय, आई, विसरलोच असेन गं मी. आणि तू भिंतीपलीकडे भांडी पुसत होतीस." चार दिवस झाले, जेवण वाढते, पण ताट पुढे सरकवते आणि आत जाते. गुडघ्याला तेल मी लावायचे, ते आता स्वतःच लावते.

माफ कर असं लिहून चौथ्यांदा खोडलंय. तू माफी द्यायला बांधलेला नाहीस आणि मी मागायला लाजतेय. पण मला ती हवीय, हे लपवून ठेवत नाही. लपवण्याचा मला आता कंटाळा आलाय.

स्टॉपवॉच आणि वही वेगळ्या पार्सलने पाठवलीत. स्टॉपवॉचची बॅटरी बदलली आहे.

ताई


२२ एप्रिल

भुंग्या,

पार्सल मिळालं.

गेले चार आठवडे टपालाची वाट बघून बघून मी पोस्टमनशी मैत्री केली होती. काल त्याने मऊसूत काहीतरी हातात दिलं. वरचं अक्षर तुझं. मी ते तिथेच दारात फोडलं. बारा पांढरी फडकी, लाँड्रीतल्या जुन्या चादरींची. धागे सुटू नयेत म्हणून चारी कडा दुमडून शिवलेल्या, कडक इस्त्री, एकावर एक नीट. पत्र शोधलं, नव्हतं. सगळ्यांत खालच्या फडक्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. तिच्यावर दोनच शब्द:

"एल्बोसाठी वेगळं."

मी दारातच बसले. आई बाहेर आली, चिठ्ठी वाचली. हसली की रडली ते सांगता येणार नाही, पण महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, ऊठ आता, चहा टाक.

मग तुझ्या बायकोला फोन केला. तिने सांगितलं की तू सोमवारपासून वर्कशॉपमध्ये जायला लागलायस. पहिल्या दिवशी निघताना दारात थांबून तू दोनदा स्वतःच्या पायांकडे पाहिलंस, हेही सांगितलं. तिला वाटलं बूट बघतोयस. मी तिला काही सांगितलं नाही. ते माझं आहे, भुंग्या. ते कुठल्याही शिक्क्याच्या पत्राने जाणार नाही हे मला कळतं.

आज निकेल संपून कोबाल्ट लागायचा होता. सकाळी फळीवर आडवी पडले आणि आठही बोल्ट काढले. मागचे दोन अजून तसेच छळतात. एल्बो उतरवला, खांद्यापर्यंत हात घालून धुतला आणि तुझं सगळ्यांत खालचं फडकं बाजूला ठेवून दुसरी फिरवायला लागले. पहिलं काळं आलं. दुसरं राखाडी. तिसरं आणि चौथं पिवळट. पाचव्याला म्हटलं आता तुझं. पांढरं घातलं, पांढरं आलं. भट्टीवरच्या नव्या बाईंनी ते उजेडात धरून बघितलं, मग सही केली. पिशवीवर एल्बो असं मी लिहिलं.

ते आता बॅचच्या कागदाला लागलंय. तिथून ते पाच वर्षं हलणार नाही. तोवर एखाद्या रविवारी, आईशी बोलून झालं की लगेच फोन ठेवू नकोस. मी आतच असते.

ताई